म्हातारचळावरील मात्रा

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, तिच्यामागे एखादा रोग दडलेला असू शकेल, असा संशय सहसा कोणास येत नाही. वृद्ध माणूस विसरू लागला, एकच प्रश्न दहादा विचारू लागला, तर ते वयोमानाप्रमाणे चालायचेच, असे म्हणून घरची माणसे स्वतःचे समाधान करून घेतात. तोच माणूस चिडू लागला, संशय घेऊ लागला, रात्री-अपरात्री दाराची कडी काढू लागला, म्हणजे मात्र 'म्हातारचळ लागला' असे शब्द त्याच घरात निघू लागतात. पहिल्या उद्गारात उपेक्षा आहे, दुसऱ्यात उपहास आहे. कारणाची विचारपूस दोहोंतही नाही. आणि जेथे कारणाची विचारपूस नाही, तेथे उपायही बहुधा एकाच प्रकारचा शोधला जातो. माणूस गप्प बसेल, झोपेल, कोणास त्रास देणार नाही, असे काही तरी औषध डॉक्टरांकडे मागितले जाते. अशी औषधे आहेत आणि ती मिळतातही. त्यांचा गुण किती, अवगुण किती आणि ती देण्यापूर्वी काय पाहिले पाहिजे, हे जाणून घेणे मात्र फार थोड्या घरांत घडते.

प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, साठ वर्षांच्या व त्यापुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. ज्याला इंग्रजीच्या वळणाने 'डिमेन्शिया' म्हणतात, तोच हा स्मृतिभ्रंश. हे एकाच रोगाचे नाव नव्हे. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा अल्झायमर रोग, मेंदूच्या रक्तवाहिन्या चोंदल्यामुळे होणारा विकार, पेशींत 'लुई बॉडी' नावाचे सूक्ष्म गोळे साचल्यामुळे होणारा विकार, असे अनेक रोग या एका नावाखाली येतात. नाव स्मृतीचे असले, तरी नुकसान केवळ स्मृतीचे होत नाही. विचार करणे, शब्द आठवणे, माणसे ओळखणे, काळवेळाचे भान ठेवणे आणि रागलोभाला आवर घालणे, या साऱ्या शक्ती एकेक करून क्षीण होत जातात. त्यामुळे बहुतेक रुग्णांत केव्हा ना केव्हा वर्तनाच्या तक्रारी उद्भवतात. कोणी अस्वस्थपणे येरझारा घालतो, कोणी शिवीगाळ करतो वा हात उगारतो, कोणास नसलेली माणसे दिसतात, तर कोणी दिवसभर भिंतीकडे पाहत बसून राहतो.

हा भाग या रोगाच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर नोंदलेला आहे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल करण्यात आली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव अलोइस अल्झायमर. पुढे तिच्या रोगाचे जे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले, त्यात सर्वांत आधी दिसलेले ठळक लक्षण म्हणून विसराळूपणाचा नव्हे, तर पतीविषयीच्या मत्सराचा उल्लेख आहे. त्यानंतर स्मृती झपाट्याने ढासळली. ती वस्तू इकडून तिकडे ओढी, लपवून ठेवी. आपणास कोणी ठार मारू पाहत आहे, अशा समजुतीने किंकाळ्या फोडी. एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्झायमर यांनी ट्यूबिंगेन येथील सभेत तिच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमर यांचे नाव दिले. तात्पर्य, संशय, भीती आणि आरडाओरडा ही या रोगाची आनुषंगिक गोष्ट नसून ती मूळ रोगाचाच अंश आहे. घरातील सासू 'माझ्या पाटल्या सुनेने उचलल्या' असे म्हणते, तेव्हा तिच्या मनातील जुने वैर बाहेर पडत आहे, असे मानण्याचे कारण नाही. पाटल्या कोठे ठेवल्या, हे तिला आठवत नाही. आपणास आठवत नाही, हेही तिला उमगत नाही. मग पाटल्या नाहीशा झाल्याचे एकच कारण तिच्या बुद्धीस सुचते, आणि ते म्हणजे चोरी. समोर वावरणारी व्यक्ती सून असते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

अल्झायमर यांच्या काळी अशा रुग्णास शांत करण्यासाठी ऊन पाण्याचे दीर्घ स्नान आणि झोपेची काही औषधे, याखेरीज वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. ही स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यास पालटली. फ्रान्समधील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन हे द्रव्य तयार झाले. १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात जाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी ते मनोरुग्णांस देऊन पाहिले. वर्षानुवर्षे भ्रमात बुडालेली तरुण माणसे शांत झाली, बोलू लागली. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल सिद्ध झाले. एका पिढीने मनोरुग्णालयांचे स्वरूप बदलून टाकणारी ही औषधे होती, आणि ज्या रोगांसाठी ती निघाली, त्या रोगांत त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु एका रोगातील भ्रमावर जे लागू पडले, ते दुसऱ्या रोगातील भ्रमावरही लागू पडेल, या अनुमानाने ती हळूहळू वृद्धांच्या खाटेपाशी येऊन पोहोचली. पुढे १९९० नंतरच्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही नवी औषधे निघाली. त्यांनी अंग ताठरण्याचा दोष जुन्यांपेक्षा कमी होतो, म्हणून ती अधिक निर्धोक मानली गेली. पाश्चात्य देशांतील शुश्रूषागृहांत त्यांचा वापर सर्रास होऊ लागला.

ही औषधे करतात काय, हे समजले म्हणजे पुढील सर्व उलगडा होतो. मेंदूतील पेशी एकमेकींस ज्या द्रव्यांच्या साहाय्याने संदेश पोहोचवतात, त्यांपैकी एक डोपामिन होय. ही औषधे मुख्यतः डोपामिनचा संदेश अडवून धरतात. भ्रम आणि उद्रेक यांचा जोर त्यामुळे ओसरतो. तथापि हालचालींचे नियमन, चालण्यातील तोल, गिळण्याची क्रिया, या गोष्टीही याच द्रव्यावर अवलंबून असतात. तरुणाच्या शरीरात जो तोटा सहन होतो, तो ऐंशी वर्षांच्या शरीरात होत नाही. पाय जड होतात, चालताना माणूस पडतो, हाड मोडते. उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येते. गिळणे मंदावले की, घास वा पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. दिवसभराच्या गुंगीत पाणी पिणे राहून जाते. शांत झाल्यासारखा दिसणारा माणूस अशा रीतीने आतून खचत असतो. आणि घरची माणसे 'आता पुष्कळ बरे आहे' असे म्हणत असतात.

या धोक्याची जाणीव शास्त्रज्ञांस उशिरा झाली, पण झाली ती निःसंदिग्ध आकड्यांनी. २००४ साली ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत रिस्पेरिडोन व ओलान्झापिन यांमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १७ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. या चाचण्यांत काही रुग्णांस औषध, तर काहींस दिसण्यात तशीच पण औषध नसलेली गोळी दिलेली होती. साधारण दहा आठवड्यांच्या अवधीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के रुग्ण दगावले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २.६ टक्के होते. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झालेले होते. या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत धोक्याची सूचना छापण्याचा आदेश निघाला, आणि २००८ साली तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसही लागू करण्यात आला. जुनी औषधे या बाबतीत अधिक सुरक्षित नाहीत, हेही त्यामुळे स्पष्ट झाले.

धोका आहे हे मान्य केले, तरी लाभ मोठा असेल तर तो पत्करता येतो. कर्करोगावरील औषधे याच न्यायाने दिली जातात. म्हणून लाभाचाही हिशेब पाहिला पाहिजे. अमेरिकेत ४२१ अल्झायमर रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना केलेली होती. काही रुग्णांस गुण आला. परंतु एकंदरीत दुष्परिणामांनी तो लाभ पुसून टाकला, असा निष्कर्ष निघाला. २००९ साली ब्रिटिश शासनाने प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांच्याकडून एक अहवाल तयार करून घेतला. त्यात हा जमाखर्च अत्यंत सुबोधपणे मांडलेला आहे. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या १,००० रुग्णांस ही नवी औषधे सुमारे १२ आठवडे दिली, तर ९१ ते २०० रुग्णांत औषधामुळे लक्षात येण्याजोगी सुधारणा होईल. उलटपक्षी, १० मृत्यू अधिक होतील, मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे १८ आघात अधिक होतील आणि ५८ ते ९४ जणांची चाल बिघडेल. ब्रिटनमध्ये त्या वेळी वर्षास सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंश-रुग्ण ही औषधे घेत होते. त्यांपैकी फार तर ३६,००० जणांस काही उपयोग होत असावा, आणि दरसाल सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवत असावेत, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

ही झाली काही आठवड्यांची गोष्ट. प्रत्यक्षात गोळी एकदा सुरू झाली की, ती वर्षानुवर्षे चालू राहते. अशा दीर्घ वापराचे काय होते, हे २००९ सालीच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका ब्रिटिश चाचणीने दाखवले. ही औषधे आधीपासून घेत असलेल्या १६५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एकाचे औषध चालू ठेवले, दुसऱ्याचे थांबवले. दोन वर्षांनंतर औषध चालू असलेल्यांपैकी ४६ टक्के, तर थांबवलेल्यांपैकी ७१ टक्के हयात होते. तीन वर्षांनंतर हे आकडे अनुक्रमे ३० आणि ५९ टक्के झाले. २०२४ साली इंग्लंडमधील पावणेदोन लाखांच्या आसपास रुग्णांच्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासात न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा आघात, शिरांत रक्त गोठणे, पक्षाघात, अस्थिभंग व हृदयविकार, या साऱ्यांचा धोका औषध घेणाऱ्यांत अधिक असल्याचे आढळले. औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो विशेष असतो.

आकड्यांचा हा पाढा निराशेसाठी नाही. हे चित्र पालटता येते, हेही ब्रिटनच्याच अनुभवावरून सिद्ध झाले. तेथे २००६ साली नोंद झालेल्या स्मृतिभ्रंश-रुग्णांपैकी सुमारे १७ टक्क्यांस ही औषधे लिहून दिली जात होती. २०११ पर्यंत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या खाली आले. एखादे नवे चमत्कारी औषध निघाल्यामुळे हे घडले नाही. 'हे औषध कशासाठी चालू आहे?' हा साधा प्रश्न प्रत्येक चिठ्ठीपाशी विचारला जाऊ लागला, म्हणून ते घडले.

तोच प्रश्न आपल्याकडील घरांत विचारावयाचा झाल्यास त्याची सुरुवात रुग्णापासून करावी लागते. ज्याचे शब्द हरपले आहेत, त्याचे वर्तन हाच त्याचा तक्रारअर्ज असतो. तो वाचण्यापूर्वीच दफ्तरी दाखल करणे अन्यायाचे होय. सर्वांत अधिक वेळा दुर्लक्षिली जाणारी तक्रार म्हणजे वेदना. गुडघ्यांचा संधिवात, किडलेली दाढ, पाठीवरील शय्याव्रण, यांचे दुःख सांगता न आल्याने रुग्ण अंगावर येतो, स्नानास नेताना ओरडतो. नॉर्वेतील संशोधकांनी २०११ साली या बाबतीत एक बोधप्रद प्रयोग प्रसिद्ध केला. १८ शुश्रूषागृहांतील ३५२ अस्वस्थ रुग्ण त्यांनी घेतले आणि निम्म्या विभागांत आठ आठवडे केवळ वेदनाशमनाचे पद्धतशीर उपचार केले. बहुतेकांस दिलेले औषध साधे पॅरासिटामॉल होते. तेवढ्यानेच दुसऱ्या गटाच्या तुलनेत अस्वस्थतेचे मान १७ टक्क्यांनी उतरले. जेथे तापावरची गोळी पुरेशी ठरली असती, तेथे मेंदूवरची गोळी किती वेळा दिली गेली असेल, याची कल्पना यावरून करता येते.

वेदनेखेरीज इतर कारणेही घरातल्या घरात शोधता येतात. चार दिवसांचा बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगातील पाणी वा क्षार कमी होणे, मधुमेहाच्या औषधाने साखर उतरणे, यांपैकी एखादी गोष्ट माणसास एका रात्रीत भ्रमिष्ट करू शकते. काल ठीक असलेला रुग्ण आज एकाएकी बडबडू लागला, तर स्मृतिभ्रंश वाढला असे न समजता शरीरात काही नवे बिघडले आहे, असे समजून तत्काळ डॉक्टरांस दाखवावे, हा नियम कधीही विसरू नये. चश्मा हरवलेला आहे काय, कानात मळ साचला आहे काय, श्रवणयंत्राची बॅटरी संपली आहे काय, हेही पाहावे. अंधुक उजेडात दोरीवर वाळत घातलेले धोतर माणसासारखे दिसते, आणि नीट न ऐकू येणाऱ्यास शेजारच्या खोलीतील हसणे आपल्याविषयीच आहे असे वाटते.

आधीच चालू असलेली औषधे हे आणखी एक कारण. सर्दीवर घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, तसेच ॲमिट्रिप्टिलिनसारखी काही जुनी औषधे, मेंदूतील ॲसिटिलकोलिन हे द्रव्य निकामी करतात. अल्झायमर रोगात नेमके हेच द्रव्य आधी कमी झालेले असते. त्यामुळे या गोळ्यांनी गोंधळ वाढतो. कधी कधी तर औषधांची साखळीच तयार होते. अस्वस्थतेसाठी हॅलोपेरिडॉल सुरू होते. त्याने अंग ताठरते. ताठरपणा जावा म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते. ते स्मृती आणखी झाकोळून टाकते आणि रुग्ण पुन्हा अस्वस्थ होतो. मग पहिल्या औषधाची मात्रा वाढवण्यात येते. अशा वेळी सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून एकेक कमी करता येईल काय, हे विचारणे हाच खरा उपचार ठरतो.

कारण शरीरात नसेल, तर ते भोवतालच्या व्यवहारात शोधावे लागते. कोणत्या वेळी, कोठे, कोण समोर असताना आणि कशानंतर तक्रार सुरू झाली, हे आठवडाभर एका वहीत टिपून ठेवले, तर पुष्कळदा उत्तर आपोआप मिळते. सायंकाळ झाली की निवृत्त मुख्याध्यापक पिशवी घेऊन 'शाळेत जायचे आहे' म्हणून निघतात. 'अहो बाबा, तुम्हाला निवृत्त होऊन वीस वर्षे झाली,' असे सांगितल्याने त्यांचे समाधान होत नाही. आपणास खोटे ठरवले जात आहे, एवढेच त्यांना कळते. त्याऐवजी 'बाबा, आज कोणता वर्ग आहे?' असे विचारून मुलगा त्यांच्याबरोबर अंगणात चार फेऱ्या मारून आला, तर शाळेची घाई बहुधा विरून जाते. 'मला घरी जायचंय' असे स्वतःच्याच घरात बसून म्हणणाऱ्या आजींना घराचा पत्ता पटवून देण्यापेक्षा माहेरची गोष्ट विचारणे अधिक हिताचे. घाईने, चारचौघांत, गार पाण्याने घातलेली आंघोळ हे भांडणाचे कारण असेल, तर वेळ आणि रीत बदलावी. दुपारची झोप कमी करणे, सकाळी उन्हात बसवणे, संध्याकाळी दिवे लवकर लावणे, निवडणे-टिपणे, फुलांच्या माळा करणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांसारखे ओळखीचे काम हाती देणे, हे उपाय दिसण्यात क्षुल्लक आहेत. पण त्यांनी कोणाचा तोल जात नाही आणि कोणाचा घास श्वासनलिकेत अडकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हे सारे करावयाचे कोणी? भारतात हा भार बहुतांशी घरातील एखाद्या स्त्रीवर, पत्नीवर, सुनेवर वा लेकीवर पडतो. रात्रीची झोप गमावून, दिवसा पुन्हा स्वयंपाकास लागणाऱ्या बाईस वहीत नोंदी ठेवा म्हणून सांगणे सोपे आहे. तिची दमणूक हीच पुष्कळदा औषधाच्या मागणीचे खरे कारण असते. गोव्यातील एका प्रयोगाचे महत्त्व येथे आहे. जगातील दोन-तृतीयांश स्मृतिभ्रंश-रुग्ण विकसनशील देशांत असताना संशोधनाचा दशांशही तेथे होत नाही, हे ध्यानात घेऊन १९९८ साली कोची येथे संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला होता. त्याच विचारधारेतून गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. वैद्यकीय पदवी नसलेले, परंतु शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने नियमाने घरी जात; रोगाची माहिती देत; रुग्णाच्या वर्तनास कसे सामोरे जावे ते सांगत; गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांची मदत मिळवून देत. अशा कुटुंबांत शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे तिला होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या तक्रारींत झालेली घट मात्र निर्णायक म्हणावी एवढी नव्हती. या निष्कर्षातील मर्म नीट समजून घेण्यासारखे आहे. तक्रार तेवढीच राहूनही ती सोसण्याची शक्ती वाढू शकते, आणि ती शक्ती गोळीने येत नाही. ती माहितीने, सोबतीने आणि अधूनमधून मिळणाऱ्या विसाव्याने येते.

असे असले तरी औषध कधीच देऊ नये, असा हट्ट धरणे हाही एक अतिरेकच होईल. रुग्ण स्वतःस वा इतरांस इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा भ्रमामुळे तो अहोरात्र भयभीत होऊन अन्नपाणीही सोडत असेल, आणि इतर उपाय करून पाहूनही यश येत नसेल, तर औषध देणे हीच दया ठरते. अशा प्रसंगी ते कसे द्यावे, याविषयी तज्ज्ञांत बरेच एकमत आहे. कोणत्या एका तक्रारीसाठी औषध देत आहोत, हे आधी ठरवावे. मात्रा अगदी अल्प ठेवून सुरुवात करावी. निदान दर सहा आठवड्यांनी औषधाची खरोखर गरज आहे काय, ते पाहावे, असे ब्रिटनच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चार आठवड्यांत काही गुण न आल्यास औषध हळूहळू बंद करावे, आणि गुण आला तरी चार महिन्यांच्या आत ते कमी करून पाहावे, अशी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ सालची शिफारस आहे. बंद केल्यानंतर काही रुग्णांत तक्रार परत उसळते. विशेषतः ज्यांची मूळ तक्रार तीव्र होती व ज्यांना औषधाने स्पष्ट गुण आला होता, त्यांच्यात हे घडते. म्हणून औषध थांबवणे हेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. हे वाचून कोणी परस्पर गोळी बंद केली, तर तेही अहिताचेच.

लुई बॉडीच्या विकारात विशेष सावधगिरी हवी. ज्यास स्पष्ट आकृती दिसतात, ज्याचे भान दिवसागणिक कमीजास्त होते, ज्याची चाल कंपवाताच्या रुग्णासारखी झाली आहे, अशा माणसास हे औषध प्राणघातक ठरू शकते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉक्टरांनी १९९२ साली दाखवून दिले की, अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत औषधाची तीव्र प्रतिक्रिया उमटते. या विकारातील भासांवर रिव्हास्टिग्मिनसारखे स्मृतीसाठी वापरले जाणारे औषध अधिक उपयोगी पडते.

इतर औषधांकडून फार मोठी आशा बाळगण्यासारखी स्थिती नाही. झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ व पडझड वाढते. अपस्मारावरील व्हॅलप्रोएट या कामी निरुपयोगी ठरले आहे. स्मृतीसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलने तीव्र अस्वस्थता शमत नाही, असे २००७ साली आढळले. सिटालोप्राम या औदासीन्यावरील औषधाने २०१४ सालच्या चाचणीत काहींची अस्वस्थता कमी झाली. परंतु त्या मात्रेत हृदयाच्या ठोक्यावर अनिष्ट परिणाम दिसला. मिर्टाझापिन २०२१ साली निष्फळ ठरले. अमेरिकेत मे २०२३ मध्ये ब्रेक्सपिप्राझोल या औषधास अल्झायमर रोगातील अस्वस्थतेसाठी प्रथमच अधिकृत मान्यता मिळाली. मात्र ठळक चौकटीतील तोच इशारा त्याच्याही पत्रकावर आहे.

राहता राहिला प्रश्न आपल्याकडील व्यवहाराचा. पाश्चात्य देशांत चिठ्ठी पुन्हा तपासण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे एकदा लिहिलेली चिठ्ठी घडी घालून डब्यात ठेवली जाते आणि तीच दाखवून, किंवा न दाखवताही, महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणल्या जातात. वस्तुतः आपल्या देशाचे १९४५ सालचे औषधविषयक नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. अशी औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत, आणि चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकापेक्षा अधिक वेळा देता येत नाही. हा नियम ग्राहकास छळण्यासाठी केलेला नाही. प्रत्येक नव्या चिठ्ठीच्या निमित्ताने रुग्णाकडे पुन्हा एकदा पाहिले जावे, हा त्यातील हेतू आहे. घरच्या माणसांनी तो हेतू ओळखून डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावेत: हे औषध नेमके कशासाठी आहे, गुण येत आहे हे कशावरून ओळखावे, आणि ते बंद करण्याचा दिवस कोणता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्यावे.

ज्या वृद्धास ही गोळी दिली जाते, त्यास तिचे भलेबुरे विचारता येत नाही. नको असल्यास तसे सांगताही येत नाही. पुष्कळदा ती दुधात वा वरणभातात कालवून दिली जाते. संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या वतीने निर्णय घेणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. तो निर्णय त्याच्या हिताचा आहे की केवळ आपल्या सोयीचा, हे प्रामाणिकपणे तपासून पाहणे ही त्यातील पहिली. कधी कधी दोन्हींचे उत्तर एकच येते, आणि तेव्हा संकोच करण्याचे कारण नाही. दुसरी जबाबदारी अशी की, घेतलेला निर्णय ठरलेल्या दिवशी पुन्हा उघडून पाहावयाचा. म्हातारचळावर मात्रा देण्यापूर्वी त्या 'चळा'मागचे दुखणे शोधणे आणि मात्रा दिलीच तर तिची मुदत लक्षात ठेवणे, एवढे जरी घरोघरी झाले, तरी कित्येक वृद्धांच्या आयुष्याची उरलेली वर्षे गुंगीत न जाता जागेपणी जातील.